अर्ध्या सामन्याची भाऊबंदकी

आमच्या आजोबांचे आगर आणि त्यांच्या चुलतभावाचे आगर यांच्यामध्ये जो बांध होता, त्या बांधावर एक फणस होता. मूळ आमच्या बाजूस, कल त्यांच्या बाजूस आणि फळे दोन्हीकडे, अशी त्या वृक्षाची वागणूक सर्वस्वी बेजबाबदार असल्यामुळे दोन घरांत जो दावा उभा राहिला, तो खुद्द फणसापेक्षाही दीर्घायुषी ठरला. कारण एका पावसाळ्यात फणस उन्मळून पडला तरी फिर्याद उभीच राहिली. तारखेच्या दिवशी गावातून तालुक्याला जाणारी बैलगाडी एकच असे. त्यामुळे वादी आणि प्रतिवादी शेजारी शेजारी बसून, एकाच चंचीतले पान खाऊन, परस्परांची अब्रू काढण्यासाठी राजापूरला जात आणि सायंकाळी ती काढून झाल्यावर त्याच गाडीने परत येत. ही हकीकत मी लहानपणी पुष्कळदा ऐकली होती. परंतु तिचे मर्म ध्यानी येण्यासाठी मला कॅलिफोर्नियात जाऊन तीस वर्षे राहावे लागले आणि उतारवयात बेसबॉल नावाच्या खेळाच्या नादी लागावे लागले.

माझा मुक्काम सॅन फ्रान्सिस्कोच्या दक्षिणेस सनीव्हेल येथे. माझे साडू लॉस एंजेलिसच्या परिसरात. मधले अंतर सुमारे 600 किलोमीटर. त्यांच्या घरी माझ्या पत्नीची थोरली बहीण असल्यामुळे नात्याच्या उतरंडीत ते माझ्याहून एक पायरी वर आहेत, ही गोष्ट ते कधी बोलून दाखवीत नाहीत आणि कधी विसरूही देत नाहीत. मी सॅन फ्रान्सिस्को जायंट्सचा; ते लॉस एंजेलिस डॉजर्सचे. या पक्षभेदाच्या मुळाशी काही तात्त्विक चिंतन असावे असा वाचकांचा ग्रह होऊ नये. जो ज्या गावी उतरला तो त्या गावच्या टोपीखाली गेला, इतकेच. टोपी एकदा डोक्यावर चढली की तत्त्वे मागाहून आपोआप येतात.

ज्यांना हा खेळ अपरिचित आहे त्यांच्यासाठी थोडी प्रस्तावना आवश्यक आहे. अमेरिकेतील नॅशनल लीग या संस्थेचे तीन विभाग आहेत आणि प्रत्येक विभागात पाच संघ आहेत. एप्रिलच्या सुमारापासून ऑक्टोबरच्या सुमारापर्यंत प्रत्येक संघ 162 सामने खेळतो, म्हणजे जवळजवळ रोजच खेळतो. क्रिकेटच्या कसोटीला पाच दिवस लागतात म्हणून नाके मुरडणाऱ्यांनी या सहा महिन्यांच्या अनुष्ठानाचा विचार करावा. पश्चिम विभागात जायंट्स, डॉजर्स, सॅन डिएगो, कोलोरॅडो आणि अॅरिझोना हे पाच भाऊ एकत्र नांदतात. त्यांपैकी अॅरिझोना 2021 साली 110 सामने हरला. त्याच्याशी कोणाचेही वैर नव्हते. वैरालाही काही ऐपत लागते.

खरी भाऊबंदकी पहिल्या दोघांची, आणि ती कॅलिफोर्नियातली नव्हेच. मूळ घर न्यूयॉर्क. जायंट्स मॅनहॅटनमध्ये आणि डॉजर्स नदीपलीकडे ब्रुकलिनमध्ये, असा हा कज्जा 1890 सालापासून, म्हणजे ब्रुकलिनचा संघ नॅशनल लीगमध्ये रुजू झाला तेव्हापासून चालू आहे. 1957 साली डॉजर्सचे मालक ओमॅली यांनी घर मोडून लॉस एंजेलिसला बिऱ्हाड न्यायचे ठरविले, तेव्हा जायंट्सचे मालक स्टोनहॅम हेही गाव सोडण्याच्या बेतात होते. परंतु त्यांची दृष्टी मिनिॲपोलिसकडे होती. ओमॅली यांनी त्यांचे मन वळविले आणि सॅन फ्रान्सिस्को सुचविले. कारण उघड होते. एका संघासाठी इतर संघांनी एवढा प्रवास करून पश्चिम किनाऱ्यास यावे हे परवडणारे नव्हते. आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे, भांडण मागे ठेवून नुसते सामान घेऊन जाण्यात काय हशील? अशा रीतीने वादी आणि प्रतिवादी एकाच गाडीतून निघाले आणि 1958 साली चार हजार किलोमीटरांवर उतरून त्यांनी जुना दावा नव्या कचेरीत पुढे चालू केला. आमच्या आजोबांना हे कळते तर ते म्हणाले असते, “शहाणी माणसे!”

या दाव्याचे दफ्तर मोठे आहे. 1951 साली ऑगस्टच्या मध्यास डॉजर्सच्या साडेतेरा सामने मागे पडलेल्या जायंट्सनी शेवटी बरोबरी साधली आणि निर्णायक सामन्यात बॉबी टॉमसन याच्या फटक्याने बाजी मारली; पन्नास वर्षांनी असे उघडकीस आले की जायंट्सचा एक मनुष्य मैदानापलीकडच्या खोलीत दुर्बीण लावून प्रतिपक्षाच्या खुणा चोरीत असे. साडू हा विषय काढतात तेव्हा मी खगोलशास्त्राकडे वळतो. 1962 साली डॉजर्सचा मॉरी विल्स तळ चोरण्यात, म्हणजे डोळा चुकवून पुढच्या तळावर धावण्यात, इतका तरबेज होता की जायंट्सच्या माळ्याने सामन्यापूर्वी धावपट्टीवर पाणी सोडून चिखल केला. पाटाचे पाणी रात्री दुसऱ्याच्या शेतात वळविणे ही विद्या आपणांस नवी नाही. पण ती हजारो प्रेक्षकांच्या समक्ष, दिवसाढवळ्या केलेली पाहून कोणाही कोकणी मनुष्याचा ऊर भरून यावा. 1965 साली तर जायंट्सच्या व्हान मारिशाल याने डॉजर्सच्या जॉन रोझबरो याच्या मस्तकावर प्रत्यक्ष बॅट हाणली. पुढे त्या दोघांची अशी मैत्री जमली की 2002 साली रोझबरो वारला तेव्हा त्याला खांदा देणाऱ्यांत मारिशाल होता. येथे मला पुन्हा ती बैलगाडी आठवते.

या घराण्याला एक तिथीही आहे. 1951 चा तो फटका 3 ऑक्टोबरचा. 1962 साली पुन्हा बरोबरी होऊन जायंट्सनी डॉजर्सना निर्णायक सामन्यात हरविले, तेही 3 ऑक्टोबरला. 1982 साली डॉजर्सनी आदल्या दिवशी जायंट्सचा काटा काढला आणि 3 ऑक्टोबरला जो मॉर्गन याच्या फटक्याने जायंट्सनी, स्वतःला आता काहीही मिळणार नसताना, डॉजर्सनाही बुडविले. आपले गेले त्याचे दुःख नाही पण शेजाऱ्याचे राहू नये, या उदात्त भावनेचे याहून निर्मळ उदाहरण मला ठाऊक नाही. 1993 साली जायंट्सनी 103 सामने जिंकूनही त्यांचा विभाग एका सामन्याने हुकला; शेवटच्या दिवशी त्यांना 12–1 असे झोडपणारे डॉजर्सच होते आणि ती तारीख पुन्हा 3 ऑक्टोबर. आता 2021 साली हंगामाचा शेवटचा दिवस कोणता, हे मी सांगण्याची आवश्यकता नसावी. शिवाय पितृपक्ष चालू होता.

त्या वर्षीच्या आरंभी कोणालाही जायंट्सकडून काही अपेक्षा नव्हती; जाणत्यांनी त्यांना मधल्या रांगेत बसविले होते. डॉजर्स आदल्या वर्षीचे जगज्जेते आणि लागोपाठ आठ वर्षे या विभागाचे वतनदार. मी स्वतः त्या हंगामाकडे निवृत्तिवेतनाच्या वृत्तीने पाहत होतो, म्हणजे जे मिळेल ते पदरी घ्यावे आणि तक्रार करू नये. परंतु जायंट्स जिंकू लागले आणि थांबेनात. मेमध्ये मी त्यास योगायोग म्हटले, जूनमध्ये दैव म्हटले आणि जुलैमध्ये माझी झोप गेली.

झोप जाण्याचे कारण ‘अर्धा सामना’. कोण किती पुढे आहे हे काढण्याची बेसबॉलची रीत अशी की जिंकलेल्या सामन्यांतील अंतर आणि हरलेल्या सामन्यांतील अंतर यांची बेरीज करून तिला दोहोंनी भागावयाचे. त्यामुळे एक संघ खेळला आणि दुसरा त्या दिवशी घरी बसला, तर अर्ध्या सामन्याचा फरक पडतो. बेसबॉलमध्ये अर्धा सामना कोणीही जिंकत नाही, कोणीही हरत नाही. तो केवळ कागदावर असतो, सातबाराच्या उताऱ्यावरील पोटखराब्यासारखा, ज्यावर काही पिकत नाही पण ज्यासाठी डोकी फुटतात. आम्ही अर्ध्याने पुढे असलो की मी सकाळी फिरावयास जाई. अंतर मिटले की गुडघा दुखे. “तुमचा गुडघा डॉक्टरांना दाखवायचा की त्या संघाला?” असे पत्नीने एकदा विचारले आणि मला उत्तर सुचले नाही.

चुरशीच्या शर्यतीत मनुष्याच्या सायंकाळी त्याच्या स्वतःच्या राहत नाहीत. दोन्ही शहरे एकाच घड्याळावर चालत असल्यामुळे दोन्ही संघांचे सामने बहुधा एकाच वेळी सुरू होत. म्हणून दिवाणखान्यातील मोठ्या पडद्यावर जायंट्स आणि मांडीवरच्या लहान पडद्यावर डॉजर्स, अशी माझी दुहेरी बैठक असे. यात मोठ्या पडद्याकडे माझे लक्ष कमीच. स्वतःचा संघ जिंकल्याचा आनंद अल्पजीवी असतो, कारण तिकडे तेही जिंकलेले असत. शेजारी पडल्याचा आनंद मात्र रात्री दूध पिताना, अंथरुणावर पडताना आणि पहाटे जाग येताना, असा तीन वेळा भोगता येतो.

यातील खरी विटंबना अशी की आपले सुखदुःख अनोळखी माणसांच्या हाती जाते. सप्टेंबरच्या अखेरीस सॅन डिएगोचा संघ डॉजर्सशी तीन सामने खेळावयास लॉस एंजेलिसला गेला, तेव्हा माझे सॅन डिएगोवर जे प्रेम जडले, ते पाहून पत्नीला आमच्या लग्नानंतरचे पहिले सहा महिने आठवले असावेत. निदान तिने तसा चेहरा केला. मी देव पाण्यात ठेवावयास निघालो. ती म्हणाली, “देव माझ्या माहेरचे आहेत. ते भाऊजींच्या विरुद्ध पाण्यात बसायचे नाहीत.” देव बसले नाहीत आणि परिणाम दिसून आला. 29 सप्टेंबरच्या सामन्यात आठव्या डावापर्यंत सॅन डिएगो 9–6 असा पुढे होता. त्या एका डावात डॉजर्सनी चार होमरन, म्हणजे चेंडू थेट कुंपणापार, मारले आणि सामना 11–9 असा उचलला. तिन्ही सामने गेले. दुसऱ्याच दिवशी हाच सॅन डिएगो सॅन फ्रान्सिस्कोस आला आणि ज्यांच्या कल्याणासाठी मी तीन रात्री कंठशोष केला, त्यांचे वाटोळे व्हावे म्हणून पुढील तीन दिवस तोच कंठ राबविला. ते कृतघ्न मात्र शनिवारी, 2 ऑक्टोबरला, आमच्याच मैदानावर दहाव्या डावात 3–2 असे जिंकले. डॉजर्सपुढे जी गुडघे टेकणारी माणसे, ती आमच्यापुढे मावळे होतात, याचे कारण मला अद्याप उमगलेले नाही.

परंतु मी पुढे गेलो. या प्रकरणातील मूळ दस्तऐवज 22 जुलैचा आहे, आणि तो रुजू केल्याशिवाय पुढची हकीकत समजावयाची नाही.

आषाढी एकादशी होऊन दोन दिवस झाले होते. सामना लॉस एंजेलिसला. शेवटचा डाव, डॉजर्स 3–2 असे पुढे, जायंट्सचे दोन गडी बाद, तिन्ही तळांवर माणसे आणि बॅट हाती घेतलेला डॅरिन रफ अशा अवस्थेत की आता एक चांगला चेंडू हुकला तर खेळ खलास, आणि वाईट चेंडू सोडला तर फुकट धाव. चेंडू वाईट पडला. रफने बॅट उचलली, पुढे आणली आणि मध्येच थांबविली. थांबविली काय? बेसबॉलच्या नियमपुस्तकात यासंबंधी एवढेच आहे की चेंडू मारण्याचा प्रयत्न झाला होता का ते पाहावे. लोक उगाच बॅट कोठवर आली याची रेघ आखतात. कायद्याला रेघ ठाऊक नाही, कायदा हेतू विचारतो. उजव्या हाताच्या फलंदाजाबाबत हा हेतू ठरवावयाचा अधिकार पहिल्या तळाजवळ उभ्या असलेल्या, म्हणजे नव्वद फुटांवरच्या, पंचास आहे. आमच्या फणसाची मोजणी करावयास आलेला अमीनसुद्धा याहून जवळ उभा राहिला होता.

पंचाने सांगितले, बॅट फिरली नाही. बरोबरी झाली, पुढच्याच माणसाने फटका मारला आणि जायंट्स 5–3 असे जिंकले. डॉजर्सचे व्यवस्थापक इतके संतापले की त्यांना मैदानाबाहेर काढण्यात आले, आणि साडू इतके संतापले की त्यांनी मला रात्री अकरा वाजता दूरध्वनी केला.

“तुम्हीच सांगा, शपथेवर सांगा, फिरली की नाही?”

मी त्यांना शपथेवर काही सांगितले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र, चहा घेऊन, शांत चित्ताने, मी त्यांना एक सविस्तर संदेश पाठविला, ज्याचा मजकूर असा: “पंच हा परमेश्वर नसला तरी त्याच्या कचेरीतील मामलेदार आहे. त्याचा हुकूम झाल्यावर कैफियत मांडीत बसणे सभ्य गृहस्थास शोभत नाही. बॅट फिरली किंवा न फिरली हा नजरेचा भ्रम आहे. निर्णय हेच सत्य. पराभव खिलाडूपणे घ्यावा. वहिनींना नमस्कार.” तो मजकूर मला त्या वेळी इतका आवडला की मी तो पत्नीला मोठ्याने वाचून दाखविला. ती म्हणाली, “हे जपून ठेवा.” तिच्या बोलण्यातला इशारा मला कळला नाही; तिचे इशारे मला नेहमी दोन-तीन महिन्यांनी कळतात.

3 ऑक्टोबरला शेवटचा दिवस उजाडला तेव्हा जायंट्स 106 जिंकलेले होते आणि डॉजर्स 105. आम्ही हरलो आणि ते जिंकले तर बरोबरी, आणि सोमवारी आणखी एक सामना. वाचक विचारतील की दोघेही पुढच्या फेरीत जाणारच होते, तर पहिला कोण याचे एवढे काय? त्या वर्षीचा नियम असा होता की पहिला येईल तो सरळ पाच सामन्यांच्या फेरीत जाई. दुसरा, त्याने 106 सामने जिंकलेले असोत, एकाच सामन्याच्या सुळावर चढे. (याच व्यवस्थेत अवघे 88 सामने जिंकलेला अटलांटा त्या वर्षी शेवटी जगज्जेता झाला. लोकशाहीत असे होते.) पण खरे सांगावयाचे तर नियमाशी आम्हां दोघांना कर्तव्य नव्हते. बांध कोणाचा, एवढाच प्रश्न होता.

जायंट्स 11–4 असे जिंकले. लोगन वेब याचे काम चेंडू टाकण्याचे. त्याने त्या दिवशी बॅट घेऊन आयुष्यातला पहिला होमरनही मारून घेतला. डॉजर्सही जिंकले, पण उशीर झाला होता: आमचे 107, त्यांचे 106. त्या दिवशी मी मैदानावर विकतात तशा लसूण घातलेल्या बटाट्याच्या काचऱ्या घरी करविल्या आणि हिशेब मांडून पाहिला. तो 22 जुलैचा एक सामना उलटा गेला असता तर 107 चे 106 झाले असते आणि 106 चे 107. सहा महिने, 162 सामने, माझा गुडघा, देवांचा नकार, हे सारे त्या एका बॅटीच्या वीतभर अंतरावर येऊन ठेपले होते. मी हे साडूंना कळविले नाही. तो हिशेब त्यांनी मांडलेला असणारच, याची मला खात्री होती.

डॉजर्सनी तो सुळावरचा सामना शेवटच्या डावातल्या शेवटच्या फटक्यावर जिंकला आणि पुढच्या फेरीत ते कोणासमोर आले? आमच्यासमोर. एकशे तीस वर्षे भांडलेले हे भाऊबंद एवढ्या काळात हंगामानंतरच्या या फेऱ्यांत समोरासमोर कधी आले नव्हते. चार सामन्यांत दोन-दोन झाले. पाचव्या सामन्यापूर्वी दोघांच्याही खात्यावर एकूण 109 विजय जमा होते, आणि आपापसांतल्या 23 सामन्यांपैकी 12 आमचे, 11 त्यांचे. फरक उरला होता तो अर्ध्या सामन्याचाच. वाटण्या इतक्या समान की कोणा मध्यस्थाने केल्या असत्या तर दोन्ही घरांनी त्याच्यावर संशय घेतला असता.

14 ऑक्टोबरची रात्र. भारतात दसऱ्याची सकाळ उजाडली होती. दूरध्वनीवर आपट्याची पाने यावयास लागली होती आणि पत्नी दोन्हीकडच्या नातलगांना सोने वाटीत होती. 1–1 अशी बरोबरी. शेवटच्या डावात डॉजर्सच्या बेलिंजरने फटका मारून 2–1 केले. मग आमची पाळी. दोन बाद, एक माणूस पहिल्या तळावर, आणि बॅट हाती विल्मर फ्लोरेसच्या. त्याच्यावर दोन स्ट्राइक लागलेले, तिसरा लागला की बाद. समोर मॅक्स शेर्झर, ज्याला डॉजर्सनी जुलैअखेरीस, म्हणजे त्या प्रकरणानंतर आठवड्याभराने, वॉशिंग्टनहून आणवून घेतले होते. चेंडू बाहेर गेला. फ्लोरेसने बॅट उचलली, पुढे आणली आणि मध्येच थांबविली.

ती थांबली होती. मी सांगतो, थांबली होती. मी ते चित्र त्या रात्री चाळीस वेळा पाहिले आहे. सीमोल्लंघनाचा मुहूर्त होता हे खरे, पण त्या बॅटीने ते केले नव्हते. पहिल्या तळाजवळच्या पंचाकडे सर्वांनी पाहिले. त्याने मूठ आवळून हात वर केला.

बारा-बारा.

मी उठलो, पुन्हा बसलो, आणि मनातल्या मनात एक फिर्याद लिहावयास घेतली: नियमपुस्तकात व्याख्या नसताना, नव्वद फुटांवरून, एका मनुष्याने दुसऱ्याच्या अंतःकरणातील हेतू ठरवावा आणि त्यावर सहा महिन्यांचा फैसला व्हावा, हा न्याय कोणत्या देशीचा? पहिला परिच्छेद उत्तम जमत होता. दूरध्वनी मात्र वाजला नाही. साडूंना काही बोलायचे असते तर वाजला असता, असे मनात येते न येते तोच तो थरथरला आणि एक संदेश आला. मजकूर दीर्घ होता. “पंच हा परमेश्वर नसला तरी त्याच्या कचेरीतील मामलेदार आहे,” अशी त्याची सुरुवात होती. आणि “वहिनींना नमस्कार” येथपर्यंत तो मजकूर एका मात्रेचाही फरक न करता माझाच होता. खाली त्यांनी स्वतःचे असे एकच चित्र जोडले होते, आपट्याच्या पानाचे.

पत्नीने खांद्यावरून वाकून ते वाचले. “भाऊजींनी जपून ठेवलं होतं म्हणायचं,” ती म्हणाली, आणि माझ्या वतीने त्यांना उलट सोने पाठवून मोकळी झाली.